लॅपटॉप चालू होईना, त्याचं मूळ ४४६ बाइटांत

चवथीच्या आदल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला, फर्मागुडीला इंजिनीअरिंग करतो, "मामा, लॅपटॉप गेला." गेला म्हणजे काय, तर काळी स्क्रीन, त्यावर ग्रब (लिनक्स उठवणारा प्रोग्रॅम) एवढा एक शब्द आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. गेमसाठी जागा पाहिजे म्हणून गड्याने विंडोजमध्ये बसून लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा वाटा, उडवलेलं. मी म्हटलं, एक्झिट असं टाइप कर आणि एंटर मार. विंडोज आलं. "एवढंच?" म्हणतो. अरे एवढंच, पण पंधरा वर्षांपूर्वी असतं तर एवढ्यावर भागलं नसतं, आणि का भागलं नसतं ते कळलं की ड्युअल बूटची, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टीम ठेवण्याची, अर्धी दुरुस्ती तिथेच होते, कारण प्रत्येक एरर कुठल्या तरी एका जमान्याची असते.

तर पहिला जमाना. आयबीएमचा पीसी आला १९८१ ला, हार्ड डिस्कवाला पीसी एक्सटी १९८३ ला, आणि त्याच्याबरोबरच्या डॉस २.० पासून डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरला मान मिळाला, त्यालाच एमबीआर म्हणतात. सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला, म्हणून तर चारच प्रायमरी पार्टिशन, शेवटचे २ बाइट सहीचे, आणि उरलेले ४४६ बाइट त्या प्रोग्रॅमला ज्याने पुढची सगळी सिस्टीम उठवायची, म्हणजे बूट लोडरला. ४४६ बाइट म्हणजे हा परिच्छेदसुद्धा त्यात मावणार नाही हो! मशीन चालू केल्यावर सगळ्यांत आधी जागा होणारा बायोस बिचारा तो सेक्टर मेमरीत घेतो, सही बघतो आणि उडी मारतो, आत कोण बसलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. खुर्ची एक, बसणारे दोन, शेवटी जो इन्स्टॉल होईल तो बसणार.

लिनक्सवाल्यांचा पहिला नावाजलेला बूट लोडर लिलो, वेर्नर आल्मेसबर्गर यांनी १९९२ च्या सुमाराला लिहिलेला. त्याला फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवरची फायलींची मांडणी, वाचताच यायची नाही, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कवर नेमका कुठल्या ब्लॉकात आहे ते पत्ते तो आधीच लिहून ठेवायचा, त्यामुळे कर्नल बदलला आणि लिलो परत चालवायला विसरलात की संपलं. पण एक गोष्ट त्याची मला अजून आवडते, तो आपलं नाव एकेक अक्षराने छापायचा, एकेक टप्पा पार झाला की एकेक अक्षर. स्क्रीनवर फक्त एल आणि आय येऊन थांबला म्हणजे दुसरा टप्पा मेमरीत आला पण सुरू झाला नाही. इतकं प्रामाणिक एरर मी नंतर पाहिलं नाही. शिवाय जुन्या बायोसला १०२४ सिलिंडरच्या पलीकडचं दिसायचं नाही, म्हणजे साधारण ८ जीबी, म्हणून बूट पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीला ठेवा हा सल्ला निघाला, आणि गंमत म्हणजे त्याचं कारण मेल्यावरसुद्धा लोक तो सल्ला देत राहिले.

मग ग्रब. एरिक बोलेन यांनी १९९५ ला हर्ड नावाच्या सिस्टीमसाठी सुरू केलेला, ह्याला फाइल सिस्टीम वाचता येते. पण ४४६ बाइटांत ते कसं मावणार, म्हणून बाकीचा भाग पहिल्या सेक्टरच्या मागच्या मोकळ्या पट्टीत टाकला, जी तशी कोणाच्याच नावावर नव्हती. आणि मोकळी जागा म्हटली की दुसराही येतोच, लायसन्स तपासणारी काही विंडोज सॉफ्टवेअर तिथेच आपली खूण लिहायची आणि ग्रब झोपायचा.

आमच्या घरी फोंड्याला उबुंटूची सीडी पोस्टाने आलेली, तेव्हा कंपनी फुकट पाठवायची, २०११ ला ते बंद झालं. मी उबुंटू टाकलं, छान चाललं, मग काही महिन्यांनी विंडोज एक्सपी परत टाकली आणि ग्रबचा मेनूच गायब. एक्सपीच्या इन्स्टॉलरने खुर्ची घेतली होती, विचारण्याची पद्धत नव्हतीच. बाहेर धोधो पाऊस, दर अर्ध्या तासाने करंट जातोय, यूपीएस नाही, आणि मी इन्स्टॉल न करता चालणारी लाइव्ह सीडी घालून ग्रब परत बसवतोय. दोनदा झालं ते अर्धवट.

आता दुसरा जमाना. इंटेलने आपल्या इटॅनियम प्रोसेसरसाठी बायोसच्या जागी ईएफआय बनवलं, २००५ ला त्याचा यूईएफआय फोरम झाला, पण आपल्यासारख्यांच्या टेबलावर ते आलं विंडोज ८ बरोबर, २०१२ ला. इथे खुर्ची गेली आणि खोली आली: फॅट फॉरमॅटचं एक छोटं पार्टिशन, त्यात विंडोजचा फोल्डर वेगळा, उबुंटूचा वेगळा, कोणी कोणाला पुसत नाही. बोर्डावरच्या मेमरीत मात्र एक यादी असते, कोणाला आधी उठवायचं त्याची, आणि सगळं भांडण त्या यादीत पहिला नंबर कोणाचा यावर आलं. भाच्याचं तेच झालं. पार्टिशन उडवलं तरी ग्रबची फाइल त्या छोट्या पार्टिशनमध्ये जिवंत, ती उठली, बाकीचं घर शोधलं, सापडलं नाही म्हणून तशीच उभी राहिली. एक्झिट म्हटल्यावर यादीतला पुढचा विंडोज. जुन्या एमबीआरच्या मशीनवर मात्र ग्रब रेस्क्यू लिहून येतं आणि तिथून विंडोजची रिपेअर सीडी शोधायला लागायची.

यूईएफआयबरोबरच सिक्युअर बूट आलं, म्हणजे ओळखीची डिजिटल सही असलेलाच प्रोग्रॅम उठू द्यायचा, आणि प्रश्न सहीचा झाला. बहुतेक लॅपटॉपात सही तपासायला मायक्रोसॉफ्टची किल्ली असते, म्हणून मॅथ्यू गॅरेट यांनी शिम नावाचा छोटा लोडर केला, तो मायक्रोसॉफ्ट सही करून देतं आणि तो पुढे ग्रबला तपासून घेतो. २०२० ला ग्रबमध्येच बूटहोल नावाचं भोक सापडलं, मग जुन्या आवृत्त्या एकगठ्ठा बाद करायला एसबॅट आलं, आणि ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने ते लावल्यावर पुष्कळ ड्युअल बूट मशीनवर सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन येऊन लिनक्स उठेना, खरं तर ड्युअल बूट दिसलं तर ते लावायचंच नव्हतं. पक्का उपाय मे २०२५ च्या अपडेटमध्ये आला. आणि उलटी तक्रार, लिनक्स आहे पण मेनूत विंडोज दिसत नाही, ती बहुतेक २०२१ च्या ग्रब २.०६ ची, दुसरी सिस्टीम शोधणारा प्रोग्रॅम त्यांनी सुरक्षेसाठी बंद ठेवला, सेटिंगमध्ये एक ओळ बदलून चालू होतो.

भाच्याने शेवटी गेमचा नाद सोडून लिनक्स परत टाकलं. चवथीच्या संध्याकाळी परत फोन, मागे घुमट वाजतंय, "मामा, आरतीला साडेसात वाजलेत आणि विंडोज दोन म्हणतोय." ती तर १९८४ च्या पीसी एटीपासूनची गोष्ट, मशीनच्या आतल्या बॅटरीवरच्या घड्याळात डॉसवाले, म्हणून विंडोजही, स्थानिक वेळ ठेवत आले आणि युनिक्सवाले, म्हणून लिनक्सही, ग्रीनिचची, म्हणून आपल्याकडे बरोबर साडेपाच तास मागे. म्हटलं लिनक्सला सांग घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव म्हणून, पण उद्या, आधी आरती घे.