झुडपी जंगल: ले-आऊटच्या भांडणामागचा जुना शब्द

नागपूरच्या आजूबाजूला नवीन ले-आऊट टाकायचा, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडायचे म्हटलं की सातबाऱ्यावरचा एक शब्द हमखास आडवा येतो, झुडपी जंगल. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत मिळून अशी ८६ हजार हेक्टरच्या वर जमीन आहे.

मालगुजारीच्या, म्हणजे इकडच्या जमीनदारीच्या काळात गावाला लागून असलेली मुरमाड, नांगर न चालणारी जमीन म्हणजे गुरं चारायची, काड्या आणि बोरं वेचायची जागा, तेच झुडपी जंगल; जुन्या कागदांत 'छोटे झाड का जंगल' असं हिंदीतच लिहिलेलं असायचं. १९५१ ला मालगुजारी गेली, १९५६ ला आपले जिल्हे मध्य प्रदेशातून निघाले, नोंद मात्र तशीच राहिली.

खरा घोळ १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर झाला, ज्यात जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी लागते. कागदावर जंगल आणि जागेवर मोठं झाड एकही नाही, मग हे जंगल धरायचं की नाही? महसूलवाले एक म्हणत, वनवाले दुसरंच, आणि या वादात रस्ते झाले, सरकारी इमारती उठल्या, वस्त्या बसल्या. १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी नोंदीत जंगल असेल तर मालकी कोणाचीही असो, कायदा लागू. झुडपी जंगल त्यात येतं हे त्याच कोर्टाच्या निकालाने स्पष्ट व्हायला २२ मे २०२५ उजाडलं. १९९६ च्या आधी वाटप झालेल्या जागांना नियमित करायची वाट मिळाली, नंतरच्यांना कडक अटी. तेव्हापासून सगळी चर्चा घरांच्या दिलाशावरच, आणि घरं वाचायलाच हवीत, पण त्या जमिनीवर काय जगतं ते कोणी विचारत नाही.

बोराटी, पळस, तरोटा, मधे उघडा मुरूम. उन्हाळ्यात तिथे टिटवी खड्यांमधेच अंडी घालते, दोन हातांवरून पाहिलं तरी दिसत नाहीत, डोझरवाल्याला कुठून दिसणार. प्लॅनर मात्र या तुकड्याला 'पडीक' म्हणून मोकळा होतो. मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, ती सोडतातही, पण आधी सगळं सपाट करून मग तिथे लॉन आणि पेव्हर ब्लॉक. हे दहा टक्के झुडपी तुकड्याला लागून घ्यायचे आणि त्या जागेवर मशीन चालवायचीच नाही, एवढं नकाशा पास करतानाच लिहून घेता येतं.