डोमेन नूतनीकरण सूचना

डोमेन नावाची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची, मुदत संपत आल्याची किंवा संपल्याची जी खबर रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणारी कंपनी, धारकाला देते ती नूतनीकरण सूचना; बोलण्यात ‘रिन्यूअलचा मेल’. डोमेन कायमचे विकत मिळत नाही. एका वेळी १ ते १० वर्षांसाठी नोंदवायचे आणि मुदत भरली की पुन्हा पैसे भरायचे, अशी पद्धत आहे.

.कॉम, .नेट, .ऑर्ग अशा नावांसाठी आयकॅन या, जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचे धोरण २०१३ पासून लागू आहे. मुदतीच्या सुमारे एक महिना आधी पहिली आणि सुमारे एक आठवडा आधी दुसरी सूचना द्यावी लागते; तरीही पैसे भरले गेले नाहीत, तर मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. खात्यात लॉगिन केल्यावरच दिसणारा संदेश चालत नाही, सूचना धारकाकडे आपणहून पोहोचली पाहिजे. नूतनीकरणाचे आणि गेलेले नाव सोडवून घेण्याचे दरही नोंदणीच्या वेळीच पाहता येतील असे ठेवावे लागतात. पहिले वर्ष स्वस्तात देऊन पुढे दर चढवण्याची रीत सर्रास असल्याने हे कलम फार मोलाचे आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी, तासगावचा बेदाणेवाला किंवा मिरजेतला तंतुवाद्य कारागीर वेबसाइट करून घेतो ती बहुधा ओळखीतल्या डिझायनरकडून. ‘डोमेनचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका,’ असे म्हणत डिझायनर स्वतःच्या खात्यातून, स्वतःचा ईमेल घालून नाव नोंदवतो. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला जातो, जुना ईमेल उघडायचे सोडतो. सूचना नियमाप्रमाणे निघतात आणि त्या बंद पेटीत पडून राहतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दूरच्या गिऱ्हाइकाला कारागिराचा पत्ता वेबसाइटवरूनच लागत असेल, तर एक न वाचलेला मेल त्याला महागात पडतो. सूचना न्याय्य ठरायची तर ती ज्याचा धंदा आहे त्याच्या हाती पडली पाहिजे. त्यासाठी धारक म्हणून मालकाचेच नाव, त्याचाच मोबाइल आणि त्याचाच ईमेल नोंदीत हवा.

हा ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. नाव बंद पडले की त्यावरचे मेलही थांबतात आणि मुदतीनंतरची सूचना पोहोचण्याची वाटच बंद होते.

मुदत संपताच नाव लगेच दुसऱ्याच्या हाती जात नाही. .कॉमच्या बाबतीत नाव ठेवायचे की काढायचे हे ठरवायला रजिस्ट्रारला ४५ दिवसांपर्यंत सवलत असते. नाव काढून टाकल्यावर ३० दिवस ते जादा शुल्क भरून सोडवता येते, मग ५ दिवसांनी सर्वांसाठी खुले होते. मुदतीनंतर आठ किंवा अधिक दिवसांनी नाव काढायचे असेल, तर त्याआधीचे किमान आठ दिवस वेबसाइट बंद ठेवणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. मेल न वाचणाऱ्यालाही काहीतरी बिघडल्याचे कळावे, हा त्यामागचा चांगला हेतू. मात्र डोमेनच्या सार्वजनिक नोंदीतली (पूर्वीचे व्हूइज, २०२५ पासून त्याजागी आरडॅप) एक गोष्ट फसवते: मुदत संपताच .कॉमची मध्यवर्ती नोंदवही तारीख आपोआप एक वर्ष पुढे ढकलते. पैसे भरलेले नसतानाही नाव सुरक्षित वाटते. रजिस्ट्रारची स्वतःची तारीख पाहावी.

हे धोरण देशनिहाय नावांना लागू नाही. .इन आणि .भारत ही नावे निक्सी या भारतीय संस्थेच्या अखत्यारीत येतात. ती घेताना सूचना कधी आणि कशी येईल हे रजिस्ट्रारच्या अटींत वाचून घ्यावे.

बनावट सूचनाही येतात. बिलासारखे दिसणारे पत्र किंवा मेल ‘तातडीने भरा’ म्हणतो आणि बारीक अक्षरांत नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवण्याची संमती घेतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा एका कंपनीवर २००३ मध्ये कारवाई केली होती. पैसे भरण्याआधी मेलमधली लिंक न उघडता रजिस्ट्रारच्या साइटवर स्वतः जाऊन खाते पाहावे. आपला रजिस्ट्रार कोण, हे वर सांगितलेल्या सार्वजनिक नोंदीत मोफत पाहता येते.