जुने लाकडी रंधे (कोकण) : ओळख आणि दुरुस्ती

कोकणात जुनं घर उतरवताना माळ्यावर किंवा पडवीच्या कोपऱ्यात जे लाकडी रंधे सापडतात ते ढोबळमानाने दोन जातीचे. एक इथल्याच सुतारांनी शिसव, खैर, बाभूळ अशा जड लाकडातून स्वतःच्या हाताला बसेल असे केलेले, आणि दुसरे इंग्रज अमदानीत विलायतेहून आलेले बीच लाकडाचे. रंधा म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, त्यामुळे इथे वय कसं ओळखायचं आणि हात कुठे आखडायचा एवढंच बघू.

रंधा मुळात बराच जुना आहे, इ.स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत रोमन रंधे सापडलेत. आपल्याकडे ऋग्वेदात वाशी नावाचं हत्यार येतं, पण ते तासणीच्या जातीचं. कोकणात रंधा कसा आला याच्या दोन वाटा सांगता येतात. एक पोर्तुगिजांची, म्हणजे १४९८ नंतरची, कारण जहाजबांधणी आणि चर्चचं लाकूडकाम यातून युरोपी हत्यारं किनाऱ्यावर उतरली असणार. दुसरी त्याआधीची, चौल-दाभोळ बंदरांचा इराण-अरबस्तानशी जो व्यापार चालायचा त्यातून. नाव फारसी वळणाचं आहे, पण नाव एका वाटेने आणि वस्तू दुसऱ्या वाटेने असंही होतं, म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नाही. तरी दुसरी वाट जास्त संभवनीय वाटते, कारण पोर्तुगीज यायच्या आधीही या किनाऱ्यावर गलबतं बांधली जात होती आणि कारागिरांची ये-जा होती. नंतरच्या विलायती नमुन्यांचा मोठा प्रभाव मात्र मुंबईमार्गे, बहुधा एकोणिसाव्या शतकात आला असावा.

विलायती रंध्याचं वय ठरवायला नाकाकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, उभी बाजू आधी बघायची. बनवणाऱ्याचा शिक्का तिथे साधारण मधोमध, एकदाच असतो, आणि मालकांची नावं किंवा आद्याक्षरं आजूबाजूला दोन-तीनदा ठोकलेली असतात, त्यामुळे जे नाव जास्त वेळा दिसतं ते कारखान्याचं नसण्याचीच शक्यता जास्त. गलता रंधे (नक्षीची गोलाई, खाचा काढायचे) अठराव्या शतकात साधारण १० इंची, पुढे ९½ इंच हीच रूढ लांबी झाली. कडा रुंद आणि सपाट छाटलेल्या असतील तर नमुना जुना, गोलावलेल्या असतील तर नंतरचा. पात्यावर ‘कास्ट स्टील’ असा छाप असेल तर ते क्रुसिबल पोलाद, म्हणजे मुशीत वितळवून केलेलं. शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समनने ही पद्धत १७४० च्या दशकात बसवली, म्हणजे पातं त्यानंतरचंच. पण पाती बदलली जातात, नुसत्या पात्यावरून लाकडाचं वय सांगू नये.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे दुहेरी पातं. मुख्य पात्यावर स्क्रूने बसवलेली वरची पट्टी इंग्रजी जगात १७६० च्या दशकाच्या आसपास दिसू लागते आणि एकोणिसाव्या शतकात सर्रास होते. ती नुसती पातं दाबून धरायला असते असं पुष्कळ जण मानत आले. जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या प्रयोगांनी दाखवलं की पट्टी धारेपासून ०.१ ते ०.३ मिमी मागे ठेवली आणि तिची पुढची कड उभी घासली तर ढलपी लगेच वाकते आणि लाकूड उचकटत नाही. कोकणात हे फार कामाचं आहे, फणस आणि ऐन दोन्ही उलटसुलट रेषेचे, एकेरी पात्याने रंधताना खवलं निघतात.

देशी रंध्यांवर शिक्का क्वचित असतो. त्यांचं वय मुठीची झीज, तळाला जडवलेला लाकडाचा किंवा लोखंडाचा तुकडा आणि घरातल्या माणसांची आठवण यांवरूनच ढोबळ लावायचं.

दुरुस्तीत पहिली गाठ पात्याला आवळून धरणाऱ्या पाचरीशी पडते. पावसाळ्यात ती फुगून घट्ट बसते, तेव्हा पक्कडीने ओढायची नाही, रंधा सावलीत सावकाश सुकू द्यायचा आणि मग शेपटाकडच्या, म्हणजे मागच्या, बाजूवर लाकडी हातोडीने ठोकायचं, आपोआप सुटते. लांब रंध्याला नाकाजवळ वरून ठोकतात. गंजलेलं पातं साध्या व्हिनेगरमध्ये रात्रभर, मग सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच पुसून तेलाचा हात. मीठ घातलेलं कोकमाचं आगळ वापरू नये, मिठाने गंज पुन्हा धरतो.

तळ घासणं हे सगळ्यात धोक्याचं काम, आणि उत्साही लोक नेमके तिथूनच सुरू करतात! काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासायचं, पण पातं आत ओढून पाचर नेहमीसारखी ठोकलेली असताना, कारण पाचरीच्या ताणाने तळ किंचित वाकतो. शिवाय पातं साधारण ४५ अंशात तिरकं बसतं, म्हणून तळ १ मिमी गेला की तोंड, म्हणजे तळातली पातं बाहेर येण्याची फट, जवळपास १ मिमीने रुंदावतं आणि मग बारीक काम होत नाही. तोंड आधीच मोठं असेल तर पुढे जड लाकडाचा तुकडा जडवावा. गलता रंध्याचा तळ तर घासूच नये, पात्याची धार तळाच्या आकाराला जुळवून घ्यावी.

लाकडाला अळशीचं तेल, पातळ हात, जास्तीचं पुसून. तेलाची फडकी गोळा करून टाकू नयेत, आपोआप पेटतात, पसरून वाळवावीत. खोबरेल वाळत नाही, चिकट राहून धूळ धरतं, ते पात्यापुरतंच ठेवावं. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल रंध्याला नको, हाताला फोड येतात. बीचला भुंगेरे लवकर धरतात, बारीक भोकं आणि ताजी पूड दिसली तर तो रंधा बाकीच्या हत्यारांपासून वेगळा ठेवावा. आणि मृगाच्या आधी पाचर सैल करून ठेवावी, नाहीतर फुगलेल्या पाचरीने रंध्याची गालफडं, म्हणजे पाचरीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती, फुटतात.