तुर्कीतील प्रयोजक क्रियापदे आणि विभक्ती : पार्श्वभूमी

काम दुसऱ्याकडून करवून घेतल्याचे सांगणारे क्रियापद म्हणजे प्रयोजक क्रियापद. 'मी अलीकडून पत्र लिहवून घेतले' असे मराठीत म्हणतात. तुर्कीत मात्र 'मेक्तुबु आलिये याझ्दर्दम', म्हणजे अलीला चतुर्थीचा प्रत्यय लागतो. मूळ क्रियापद सकर्मक असेल तर ज्याला कामाला लावले तो चतुर्थीत आणि अकर्मक असेल तर द्वितीयेत, असा हा नियम आहे. मराठीत दोन्ही विभक्तींना 'ला' चालत असल्याने हा भेद आपल्या चटकन लक्षात येत नाही.

हा नियम फार जुना आहे. मंगोलियातील ओर्खोन नदीच्या खोऱ्यात तुर्कांचा कागान (म्हणजे सम्राट) बिल्गे याने आपला दिवंगत भाऊ क्युल तिगिन याच्या स्मरणार्थ इ.स. ७३२ मध्ये प्राचीन तुर्की भाषेतला शिलालेख उभारला आणि त्याची लिपी डॅनिश भाषातज्ज्ञ विल्हेल्म थॉमसन यांनी १८९३ मध्ये उलगडली. चिनी सम्राटाकडून कारागीर आणवल्याचे सांगून कागान पुढे म्हणतो, 'आङार आदिन्चिग बार्क यारातुर्तुम' : त्यांच्याकडून मी अपूर्व वास्तू उभारवली. यातील 'आङार' हे सर्वनाम चतुर्थीतले आहे. थोडे पुढे 'ताश तोकित्दम', म्हणजे दगड कोरवून घेतला, असे वाक्य येते आणि त्यातला प्रयोजक 'त' आजच्या तुर्कीतही तसाच वापरात आहे.

विभक्तिप्रत्यय मात्र झिजले. त्याच मजकुरात 'कारागिराला' या अर्थी 'बेदिझ्चिग' असे द्वितीयेचे रूप आहे. त्यातला शेवटचा 'ग' पुढे गळाला आणि आज केवळ स्वर उरला आहे. चतुर्थीच्या 'का'मधील 'क'ही असाच गेला. 'सम्राटाकडून' यासाठी तिथे 'कागान्ता' आहे, कारण तेव्हा 'ता' हा एकच प्रत्यय बहुधा सप्तमी आणि पंचमी या दोहोंचे काम करी. आज पंचमीसाठी 'दान' हा वेगळा प्रत्यय आहे.

अनातोलियातील (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील) तुर्कीचे पहिले व्याकरण बेर्गामाच्या काद्री यांनी १५३० मध्ये लिहिले, पण त्याचा साचा अरबी व्याकरणाचा होता. अरबी प्रयोजक रूपासाठी धातूच्या आतली रचना बदलते, तर तुर्की धातूला हात न लावता मागे प्रत्यय जोडत जाते, त्यामुळे हा साचा तुर्कीला अपुराच पडणार होता. शिवाय अरबी लिपीत स्वरभेद नीट दिसत नसत. १९२८ मध्ये लॅटिन लिपी आल्यावर 'दिर' या प्रयोजक प्रत्ययाची स्वरांनुसार आणि आधीच्या व्यंजनानुसार बदलणारी आठही रूपे लेखनात वेगवेगळी उमटू लागली.