नाव लिहिलंय की जेवण सांगितलंय?

सुट्टीच्या दिवशी दुपारी मालवणातल्या गर्दीच्या खानावळीबाहेर हमखास एक वाद ऐकू येतो. "आम्ही सकाळीच फोन केला होता, तरी उभं का?" फोन झालेला असतो, पण त्यात जेवण सांगितलेलं असतं, टेबल नाही.

नाव लिहिणं म्हणजे बसायच्या जागेचा नंबर. गल्ल्याजवळ वही असते. नाव, माणसं आणि मोबाईल नंबर द्यायचा. गर्दीच्या दिवशी हे बहुधा फोनवर घेत नाहीत, दारात उभं राहावं लागतं. सहा जणांचं नाव लिहून चौघं अजून जेट्टीवर असतील, तर पुकारा झाल्यावर मागचे आत जातात आणि त्यात मालकाची काही चूक नसते. आठ जणांना एकत्र बसायचं तर शेजारची दोन टेबलं एकदमच रिकामी व्हावी लागतात. "चार-चार वेगळे बसतो" म्हणालात की नंबर लवकर लागतो. सिंधुदुर्ग किल्ला बघून होड्या परतल्या की एक ते अडीच झुंबड. बाराला या. तीनला आलात तर जागा मिळेल, पण सुरमई संपलेली असेल.

जेवण सांगणं म्हणजे चुलीवरची तयारी. दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागरकडच्या घरगुती खानावळींत माणसं मोजूनच रांधतात. मासळी सकाळी घ्यायची, वड्यांचं पीठ भिजवून ठेवायचं आणि गावठी कोंबडी शिजायला तास-दीड तास घेणार. म्हणून आदल्या रात्री, फार तर सकाळी नऊच्या आत फोन करावा. तोही नेमका: "काकी, उद्या दीडला सहा माणसं. चार मासे, दोन शाकाहारी. मोदक अठरा." मोदकांचा आकडाच सांगा. "सगळ्यांना पुरतील एवढे" म्हटलं की कुणीतरी एकावरच राहतं. पापलेटचा दर आकारावर असतो, तो तेव्हाच विचारून घ्या. आगाऊ पैसे मागितले तर कुरकुर नको. सहा ताटं वाया जाणं छोट्या खानावळीला परवडत नाही.

आणि त्याच फोनवर विचारा: "आल्या आल्या बसायला मिळेल ना?" घरगुती ठिकाणी बहुतेकदा मिळतं, कारण पंगती वेळेनुसार लावलेल्या असतात. मोठ्या खानावळीत मात्र कोंबडी-वडे तुमच्या नावाने तयार, आणि तुम्ही बाहेर वहीत अकरावे. तिथे दोन्ही करावं लागतं: फोन आधी, आणि पोचल्यावर सगळ्यात पहिलं काम वहीत नाव, गाडी लावायला जागा नंतर शोधा.

उशीर दोन्हीकडे नडतो, पण वेगवेगळा. वहीतलं नाव गेलं तर पुन्हा शेवटून लिहायचं, बस्स. सांगितलेलं जेवण मात्र तुमच्यासाठी थांबतं आणि बिघडतं: वडे वातड होतात, मोदकांच्या पाऱ्या सुकतात. माणगावात गाड्या तुंबल्या असतील तर तिथूनच कळवा, म्हणजे तळण मागे ठेवता येतं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. तेव्हा टेबल सहज मिळतं. फोन करायचा तो ताजं काय आहे हे विचारायला.