कोडमधून क्लाउडच्या एन्क्रिप्शन चाव्या सांभाळणं

क्लाउडवरचा डेटा ज्या चाव्यांनी कुलूपबंद असतो त्या चाव्या स्क्रीनवर बटणं दाबून न बनवता कोडमध्ये लिहून बनवायच्या, म्हणजे चावी कशासाठी आहे, ती कोण वापरू शकतं, किती दिवसांनी बदलायची, पुसायची वेळ आली तर किती दिवस थांबायचं हे सगळं एका फाइलीत लिहायचं, ती फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये, ठेवायची आणि टेराफॉर्म, ओपनटोफू, पुलुमी किंवा क्लाउडफॉर्मेशन यापैकी एखादं टूल ती वाचून क्लाउडवर तसं करून देतं, अशी ही पद्धत आहे. इंग्रजीतला 'की' शब्द मराठी वाक्यात आला की वाचणारा अडखळतो, म्हणून या नोंदीत सगळीकडे चावीच म्हटलंय.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा कारण नवीन लोक इथेच घाबरतात. कोडमध्ये चावी नसते, चावीबद्दलचे नियम असतात. खरी चावी म्हणजे बहुतेक वेळा २५६ बिटांचा एक रँडम आकडा, तो क्लाउड कंपनीच्या हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूलमध्ये, ज्याला सगळे एचएसएम म्हणतात, तिथेच तयार होतो आणि उघड्या रूपात तिथून बाहेर पडत नाही, आपल्या हातात येतो तो फक्त त्या चावीचा आयडी. त्यामुळे ती फाइल टीममधल्या सगळ्यांनी वाचली तरी कुलूप उघडत नाही. १८८३ साली ऑगस्ट कर्कहॉफ्स यांनी लष्करी गुप्तलेखनाबद्दल लिहिताना हेच मांडलं होतं, यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती चावी. नियम सगळ्यांसमोर आणि चावी बंद पेटीत, ही वाटणी कोडमधून काम करताना आपोआपच होते, आणि मला तरी या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो.

टेराफॉर्म आणि ॲमेझॉनची चाव्यांची सेवा या दोन्ही गोष्टी साधारण एकाच सुमाराला आल्या. टेराफॉर्मची पहिली आवृत्ती जुलै २०१४ मधली आणि ॲमेझॉनची केएमएस ही चाव्यांची सेवा त्याच वर्षी नोव्हेंबरात जाहीर झाली. मायक्रोसॉफ्टकडे याच कामासाठी अझूर की व्हॉल्ट आहे, गूगलकडे क्लाउड केएमएस आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचं लायसन्स बदललं आणि त्यातून ओपनटोफू वेगळं निघालं, पण चावीचा कोड लिहायची रीत दोन्हीकडे जवळपास तीच आहे.

लिफाफ्याची पद्धत

५०० जीबीची डिस्क एन्क्रिप्ट करायची तर ती सगळी केएमएसकडे पाठवली जात नाही, ॲमेझॉनच्या केएमएसला एका वेळी साध्या चावीने एन्क्रिप्ट करायला जास्तीत जास्त ४०९६ बाइट देता येतात. मग होतं असं की डिस्कसाठी एक वेगळी छोटी डेटा चावी बनते, डिस्क त्या डेटा चावीने कुलूपबंद होते, आणि ती डेटा चावी स्वतः मुख्य चावीने कुलूपबंद करून डेटाच्या बाजूलाच ठेवून देतात. वाचायच्या वेळी बंद डेटा चावी केएमएसकडे जाते, तिथून उघडून येते, मेमरीत राहते, काम झालं की टाकून देतात. याला एन्व्हलप एन्क्रिप्शन म्हणतात. कोडमधून आपण सांभाळतो ती मुख्य चावी. म्हणजे एका मुख्य चावीखाली शेकडो डिस्का, डेटाबेस आणि त्यांचे बॅकअप असू शकतात आणि ती गेली तर त्या सगळ्या डेटा चाव्या कायमच्या बंद राहतात, डेटा जागेवर असतो पण वाचता येत नाही.

पुसणं, आणि चुकून पुसणं

इन्फ्रास्ट्रक्चर कोडमध्ये लिहिणाऱ्यांना एक सवय लागलेली असते, बिघडलं तर पाडा आणि त्याच कोडमधून परत उभं करा. सर्व्हर, नेटवर्क, लोड बॅलन्सर सगळ्यांना ते चालतं. चावीला चालत नाही. तोच कोड परत चालवला तर चावी मिळते पण ती नवी चावी असते, आतला आकडा वेगळा, आणि जुन्या चावीने बंद केलेलं काहीही ती उघडू शकत नाही. कोड अक्षरशः तोच, नाव तेच, चावी कोण वापरू शकतं ते ठरवणारी पॉलिसी तीच, तरी जुन्या डेटासाठी निरुपयोगी. चाव्या कोडमधून सांभाळताना बाकी जी काही वेगळी काळजी घ्यावी लागते ती सगळी या एका कारणाने.

चूक कशी होते ते जवळून बघा. समजा टेराफॉर्ममध्ये चावीच्या रिसोर्सचं, म्हणजे कोडमधल्या तिच्या ब्लॉकचं, नाव 'मेन' आहे आणि कोणीतरी कोड नीटनेटका करताना ते बदलून 'डिस्क चावी' केलं, बाकी एक अक्षर हलवलं नाही. माणसाला हे नाव बदलणं वाटतं, टेराफॉर्मला वाटतं की 'मेन' नावाची चावी आता नकोय आणि 'डिस्क चावी' नावाची नवी हवीय. टूल आधी प्लॅन, म्हणजे काय काय बदलणार याची यादी, दाखवतं, त्याच्या शेवटी ओळ येते, एक ॲड, शून्य चेंज, एक डिस्ट्रॉय. घाईत असणारा माणूस ही ओळ बघून पुढे जातो. ॲप्लाय झालं, म्हणजे प्लॅन क्लाउडवर लागू झाला, की जुनी चावी लगेच पुसली जात नाही, ती पुसण्याच्या रांगेत जाते, ॲमेझॉनकडे ही मुदत ७ ते ३० दिवसांची असते आणि काहीच सांगितलं नाही तर ३०. पण रांगेत गेल्या क्षणापासून ती वापरता येत नाही.

आता खरी फसवणारी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या टीमच्या कोडमध्ये त्या जुन्या चावीचा आयडी थेट लिहिलेला आहे, त्यांच्या डिस्का तिच्यावर आहेत, तरी त्यांचे सर्व्हर चालूच राहतात. कारण डिस्क जोडताना डेटा चावी एकदाच उघडून घेतलेली असते आणि डिस्क सर्व्हरला जोडलेली आहे तोपर्यंत ती मेमरीत असते. कुठे एरर नाही, अलार्म नाही, सगळं हिरवं. आणि मग काही दिवसांनी कोणीतरी सर्व्हर बंद करून परत चालू करतं आणि तो उठतच नाही, कारण डेटा चावी परत उघडायला मुख्य चावी लागते आणि ती बंद आहे. मुदतीच्या आत हे झालं तर वाचलो, पुसणं कॅन्सल करता येतं, चावी परत येते पण डिसेबल अवस्थेत, ती हाताने इनेबल करायची आणि स्टेटमध्ये, म्हणजे क्लाउडवर आपलं काय काय आहे याची टूल जी नोंद ठेवतं त्या फाइलीत, परत इम्पोर्ट करायची. मुदत उलटून गेली असेल तर ॲमेझॉनसुद्धा काही करू शकत नाही. म्हणून मुदत ७ दिवस ठेवणारा कोड दिसला की मी तरी रिव्ह्यूत अडवतो, टेस्टच्या चाव्या सोडल्या तर ३० च असू द्यावी, कारण अशी चूक सर्व्हर बंद-चालू होईपर्यंत कळत नाही आणि सात दिवसांत तो बंद-चालू होईलच असं नाही.

नुसतं नावच बदलायचं असेल तर टेराफॉर्ममध्ये 'मूव्ह्ड' ब्लॉक आहे, तो लिहिला की टूलला कळतं ही तीच चावी आहे. चावी या कोडमधून काढायची पण क्लाउडवर ठेवायची असेल तर आवृत्ती १.७ पासून 'रिमूव्ह्ड' ब्लॉक आहे. लाइफसायकलमध्ये 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय', म्हणजे हे पुसू नको अशी सूचना, लावायचा सल्ला सगळेच देतात आणि तो लावावाच, पण त्यात एक भोक आहे जे पुष्कळांना माहीत नसतं, ही सूचना त्या रिसोर्सच्या ब्लॉकच्या आतच लिहिलेली असते, त्यामुळे अख्खा ब्लॉकच फाइलीतून उडवला तर त्याच्यासोबत सूचनाही उडते आणि चावी पुसायला टूल मोकळं होतं. क्लाउडफॉर्मेशनमध्ये त्यासाठी डिलीशन पॉलिसी 'रिटेन' ठेवतात. पण खरा भक्कम उपाय कोडच्या बाहेरचा आहे, कोड आपोआप चालवणारी पाइपलाइन ज्या रोलने, म्हणजे क्लाउडवरच्या ज्या ओळखीने, चालते त्या रोलला चावी पुसण्याच्या रांगेत टाकायची परवानगीच द्यायची नाही, मग प्लॅनमध्ये काहीही येऊ दे, ॲप्लाय तिथे आपटून थांबतं. शिवाय चाव्यांचा कोड आणि स्टेट बाकीच्या इन्फ्रापासून वेगळं ठेवलेलं बरं, सर्व्हरसाठी दिवसातून दहा वेळा ॲप्लाय होत असतं, चाव्यांना वर्षातून चारदा हात लागला तरी खूप.

अझूर आणि गूगलचं वागणं थोडं वेगळं आहे. अझूर की व्हॉल्टमध्ये पुसलेली गोष्ट सॉफ्ट डिलीट होऊन ७ ते ९० दिवस राहते आणि पर्ज प्रोटेक्शन एकदा चालू केलं की ते परत बंद करता येत नाही, मुदत संपेपर्यंत कोणालाच ती कायमची पुसता येत नाही. व्हॉल्टचं नावही तोपर्यंत अडकलेलं राहतं, म्हणून टेस्टमध्ये रोज पाडून उभं करणाऱ्यांना 'हे नाव वापरात आहे' अशी एरर येत राहते. गूगलकडे टेराफॉर्मने डिस्ट्रॉय केलं तर की-रिंग, म्हणजे चाव्या एकत्र ठेवायचा गट, स्टेटमधून जाते पण गूगलवर राहते, चावीचंही तसंच, मात्र चावीच्या सगळ्या आवृत्त्या नष्ट व्हायच्या रांगेत जातात. बाहेरून चावी दिसते, आतून रिकामी.

पॉलिसी

ॲमेझॉनमध्ये प्रत्येक चावीला स्वतःची पॉलिसी असते आणि तिच्यात नाव नसेल तर अकाउंटच्या ॲडमिनलाही ती चावी वापरता येत नाही. पॉलिसी लिहिताना अकाउंटची रूटची ओळ, म्हणजे अख्ख्या अकाउंटला अधिकार देणारी ओळ, काढून टाकली आणि फक्त पाइपलाइनच्या रोलला अधिकार ठेवला, आणि पुढे कधीतरी तो रोलच कोणी पुसला, तर त्या चावीचा मालकच उरत नाही आणि ॲमेझॉनच्या सपोर्टकडे जावं लागतं. असं होऊ नये म्हणून पॉलिसी बदलणारा स्वतःच बाहेर पडत नाहीये ना हे केएमएस तपासतं. ती तपासणी टाळायचा पर्याय टेराफॉर्ममध्ये आहे पण त्याला हात लावू नये.

दुसरं म्हणजे चावीचे नियम बदलणारे वेगळे आणि चावीने डेटा उघडणारे वेगळे. २०१९ मध्ये कॅपिटल वन बँकेचा डेटा चोरीला गेला तेव्हा तो एन्क्रिप्ट केलेला होता, पण ज्या रस्त्याने चोर आत शिरला त्या रस्त्यानेच डेटा उघडलाही गेला, हे बँकेनेच सांगितलं. नुसतं एन्क्रिप्शन चालू आहे म्हणून काही होत नाही, उघडायचा अधिकार किती जणांकडे आहे ते बघावं लागतं, आणि पॉलिसी गिटमध्ये असेल तर ते एका डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या यादीत, दिसतं.

रोटेशन

रोटेशन, म्हणजे ठरावीक दिवसांनी चावी बदलणं, चालू केलं की जुना सगळा डेटा नव्या चावीने परत बंद होतो असं खूप जणांना वाटतं, तसं होत नाही. ॲमेझॉनच्या ऑटोमॅटिक रोटेशनमध्ये आयडी तोच राहतो, आतला आकडा नवा येतो, जुने आकडे जपून ठेवले जातात, नवीन काम नव्या आकड्याने आणि जुनं वाचायला जुना. आधी हे वर्षाला एकदाच व्हायचं, २०२४ पासून ९० ते २५६० दिवसांत हवं ते ठेवता येतं. गूगलकडे नवी आवृत्ती तयार होऊन ती मुख्य होते आणि टेराफॉर्ममध्ये मुदत सेकंदांत लिहावी लागते, ९० दिवसांचे ७७७६००० सेकंद, एखादं शून्य कमीजास्त झालं तर डोळ्याला पटकन कळत नाही म्हणून बाजूला कॉमेंट टाकावी.

आयडीच बदलायचा असेल तर मात्र जपून. टेराफॉर्ममध्ये ॲमेझॉनच्या आरडीएस डेटाबेसच्या किंवा ईबीएस डिस्कच्या चावीचा आयडी बदलला तर प्लॅनमध्ये 'फोर्सेस रिप्लेसमेंट' येतं, म्हणजे चालू डेटाबेस पाडून नवा रिकामा डेटाबेस. त्याऐवजी स्नॅपशॉट घ्यायचा, तो नव्या चावीने कॉपी करायचा आणि त्यातून उभं करायचं. ॲमेझॉनच्या एसथ्री या फाइली साठवायच्या सेवेत बकेटची डीफॉल्ट चावी बदलली तर काही पडत नाही पण नवी चावी फक्त नव्या फाइलींना लागते, जुन्या फाइली जुन्याच चावीखाली असतात आणि ते विसरून जुनी चावी पुसणं ही दुसरी नेहमीची चूक.

स्टेट फाइल

मुख्य चावी स्टेटमध्ये येत नाही, पण तिच्या आसपासचं पुष्कळ येतं. टेराफॉर्मच्या टीएलएस प्रोव्हायडरने, म्हणजे सर्टिफिकेटांसाठी चाव्या बनवणाऱ्या जोडणीने, प्रायव्हेट चावी बनवली तर ती स्टेटमध्ये उघडी लिहिली जाते, आणि 'सेन्सिटिव्ह' लावलं तरी ती फक्त स्क्रीनवर लपते, फाइलीत तशीच राहते. टेराफॉर्ममध्ये १.१० पासून एफेमेरल व्हॅल्यू आणि १.११ पासून राइट-ओन्ली आर्ग्युमेंट, म्हणजे स्टेटमध्ये लिहिलीच न जाणारी मूल्यं, आली ती याचसाठी. ओपनटोफूने २०२४ मध्ये १.७ आवृत्तीत अख्खं स्टेटच एन्क्रिप्ट करायची सोय दिली आणि त्याला केएमएसची चावी जोडता येते. आता या चावीची नोंद कोणत्या स्टेटमध्ये ठेवायची, इथे कोंबडी आधी की अंडं आधी असं होतं. सहसा त्या एका चावीसाठी अगदी छोटा वेगळा कोड ठेवतात, तो एकदाच चालवतात आणि त्या स्टेटमध्ये दुसरं काहीही ठेवत नाहीत.

मुद्दाम पुसायची असेल तेव्हा

कधी कधी चावी पुसणं हेच काम असतं. एखाद्या ग्राहकाचा डेटा सगळीकडून घालवायचा आहे आणि त्याच्या प्रती दहा बॅकअपमध्ये आहेत, अशा वेळी प्रत्येक ग्राहकाची चावी वेगळी ठेवलेली असेल तर ती एक पुसली की सगळ्या प्रती एकदम वाचण्यापलीकडे जातात, याला क्रिप्टो-श्रेडिंग म्हणतात. कोडमध्ये हे दोन टप्प्यांत करतात. आधी एका कमिटमध्ये, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या एका बदलात, चावी नुसती डिसेबल करतात, कारण डिसेबल केलेली चावी लगेच परत चालू करता येते. पुसायचं कमिट त्यानंतर वेगळं आणि दुसऱ्या माणसाने बघून मंजूर केलेलं. मधल्या काळात क्लाउडट्रेलमध्ये, म्हणजे ॲमेझॉनवर कोणी काय केलं याच्या नोंदवहीत, त्या चावीसाठी नाकारलेल्या विनंत्या येतायत का ते बघतात. जुना वापर शोधायचा तर क्लाउडट्रेलची इव्हेंट हिस्टरी ९० दिवसांचीच असते, वर्षातून एकदा उघडणारा बॅकअप तिच्यात सापडणार नाही, त्यामुळे तो शोधायला बॅकअपची यादी उघडून एकेकाच्या चावीचा आयडी ताडून बघावा लागतो.