अमोनिया नाही, मग आहे काय?

केसांच्या उत्पादनांवर सगळ्यात ठळक अक्षरं असतात ती त्यात काय नाही हे सांगणारी. अमोनिया नाही, पॅराबेन नाही, फॉर्मल्डिहाइड नाही. पण जे काढलं त्याचं काम कुणीतरी करावंच लागतं. ते कोण करतंय हे मागच्या बाजूच्या बारीक यादीत दडलेलं असतं.

काळा कलप घ्या. पक्क्या कलपाच्या नळीत तयार रंग जवळजवळ नसतोच. असतं ते बहुधा पॅराफेनिलिनडायअमिन, म्हणजे पीपीडी. त्याचा रेणू एवढा लहान असतो की केसाच्या आत शिरतो. अमोनियामुळे केस फुगतो आणि वरचे खवले उचलले जातात. मग हायड्रोजन पेरॉक्साइड पीपीडीचं ऑक्सिडीकरण करतो, आतल्या आत मोठे रंगीत रेणू जुळतात आणि तिथेच अडकतात. ‘अमोनियामुक्त’ कलपात खवले उचलण्याचं काम बहुतेक वेळा मोनोइथेनॉलअमिन करतं. नाकाला झोंबत नाही, एवढाच काय तो फायदा. कलपाची अ‍ॅलर्जी मुख्यतः पीपीडीची असते, आणि ते होतं तिथेच असतं.

ही अ‍ॅलर्जी फसवी आहे. अर्धवट ऑक्सिडीकरण झालेलं पीपीडी त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि शरीर त्याला शत्रू म्हणून लक्षात ठेवतं. त्या वेळी काहीच जाणवत नाही. त्यामुळे ‘इतकी वर्षं लावतोय, काही झालं नाही’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. अकराव्या वर्षीही पापण्या सुजून डोळे मिटू शकतात. प्रतिक्रिया उमटायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून पार्लरमध्ये कानामागे ठिपका लावून अर्ध्या तासात पुसणं म्हणजे निव्वळ समाधान. चाचणी रंगवण्याच्या 48 तास आधी करायची. जागा कानामागची किंवा कोपराच्या आतली. काही कंपन्या नुसता रंग लावायला सांगतात, काही पेरॉक्साइड मिसळून. आतल्या पत्रकात असेल तेच करा. ठिपका वाळू द्या आणि जागेवर तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत नजर ठेवा. खाज, लाली किंवा फोड आला तर तो कलप बाद. छटा बदलली की चाचणी पुन्हा, कारण गडद छटेत पीपीडी जास्त असतं. पूर्वी कधी कलपाने त्रास झाला असेल तर चाचणीच्याही वाटेला न जाता थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

युरोपीय संघात मिसळल्यानंतर पीपीडीची मर्यादा 2 टक्के आहे. भुवया-पापण्यांना कलप लावू नका, ही खोक्यावरची सूचना उगाच आलेली नाही. 1933 साली अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाच्या पापण्यांच्या रंगाने स्त्रियांची दृष्टी गेली. त्यातही पीपीडीच्या जातीचाच रंग होता. 1938 च्या कायद्याने असे रंग पापण्यांसाठी बंद केले, केसांसाठी मात्र इशारा छापण्याच्या अटीवर सूट दिली.

उरलेलं मिश्रण झाकण घट्ट लावून ठेवू नका. पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटते.

‘नैसर्गिक’ या शब्दावरही फार विसंबू नये. मेंदीतलं लॉसोन तांबूस-केशरी रंग देतं, तेही काही तासांनी. अर्ध्या तासात काळीभोर चढणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पीपीडीच असतं. हातावर काढलेल्या काळ्या मेंदीने अ‍ॅलर्जी जडते आणि पुढे कलप लावल्यावर ती उसळते.

केस सरळ करण्याच्या प्रकारात शब्दांचा खेळ अधिक गंभीर आहे. केस सरळ ठेवण्याचं काम करणारा फॉर्मल्डिहाइड वायू पाण्यात विरघळला की त्याचं मिथिलीन ग्लायकॉल होतं. यादीत ते नाव लिहिलं की खोक्यावर ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ छापायला कंपनी मोकळी. केसांवरून सुमारे 230 अंश सेल्सिअसची इस्त्री फिरली की वायू पुन्हा बाहेर पडतो. 2011 मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने अशा ‘मुक्त’ उत्पादनांच्या वापरातही हवेत फॉर्मल्डिहाइड सापडल्याचा इशारा दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हा वायू पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात अशी खात्री असलेल्या पदार्थांत, टाकला आहे. गिऱ्हाईक वर्षातून दोनदा येतं. इस्त्री धरणारी मुलगी तोच धूर रोज ओढते. साधा कापडी मास्क वायू अडवत नाही. धूर खेचून बाहेर टाकणारी यंत्रणा खुर्चीजवळच हवी.

फॉर्मल्डिहाइडला पर्याय म्हणून ग्लायॉक्सिलिक आम्ल आलं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत, एकाच तरुणीची मूत्रपिंडं केस सरळ केल्यानंतर तीन वेगवेगळ्या वेळी बिघडली होती. क्रीममध्ये हे आम्ल 10 टक्के होतं. उंदरांवर तेच क्रीम लावल्यावर मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक दिसले, कारण शरीरात या आम्लाचं ऑक्झलेट होतं. केस सरळ केल्यावर उलट्या, पाठदुखी किंवा लघवी कमी होणं यांपैकी काही दिसलं, तर डॉक्टरांना केसांचं आधी सांगा. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

पॅराबेनची, म्हणजे उत्पादन खराब होऊ नये म्हणून घालायच्या पदार्थाची, कथाही याच वळणाची. त्याला लोक घाबरले, तेव्हा त्याच कामासाठी अनेक उत्पादनांत मिथाइलआयसोथायाझोलिनोन आलं आणि त्याच्या अ‍ॅलर्जीची लाट उसळली. युरोपने 2017 मध्ये ते न धुता ठेवायच्या उत्पादनांतून काढलं. शाम्पूत आता 0.0015 टक्केच चालतं.

राहिलं ‘प्राण्यांवर चाचणी नाही’. कंपनी हे तयार शाम्पूबद्दल म्हणते आहे की त्यातल्या प्रत्येक घटकाबद्दल, ते पाहावं. चाचणी घटक पुरवणाऱ्याने करून दिलेली असू शकते. उडत्या सशाची ‘लीपिंग बनी’ खूण मिळवायला पुरवठादारांकडूनही हमी घ्यावी लागते. ससा हवा तसा रेखाटून छापणं मात्र कुणालाही जमतं. युरोपने प्राण्यांवर चाचणी झालेल्या सौंदर्यप्रसाधनांची विक्री 2013 मध्ये पूर्ण बंद केली, तरी तिथल्याच रसायनविषयक कायद्याखाली त्याच घटकाची प्राण्यांवर चाचणी मागितली जाऊ शकते. कारण तो कायदा बघतो कारखान्यात पिंपं हाताळणाऱ्या कामगाराकडे.